पिठल्यात गाठी का होतात? डाळीचं पीठ, पाणी, तेल आणि आच

लातूर-धाराशिवकडच्या घरात अवेळी पाहुणे आले आणि भाजीची टोपली रिकामी असली, तरी स्वयंपाक अडत नाही. फळीवरचा डाळीच्या पिठाचा डबा खाली आला की अर्ध्या तासात ताटात पिठलं-भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा असतो. त्याच डब्यातून पावसात भजी निघतात, उरलेल्या ताकाची कढी होते, रविवारी पाटवडीचा रस्सा होतो, दिवाळीत शेव आणि लाडू होतात. पीठ तेच असतं. तरी एकीकडे ते पातळ आणि मऊ राहतं, दुसरीकडे सुरीनं वड्या पाडण्याइतकं घट्ट होतं, तिसरीकडे कुरकुरीत होतं आणि लाडवात तर जिभेवर विरघळतं. हा फरक मसाला पाडत नाही. पिठाला पाणी किती आणि कधी मिळालं, तेल-तूप पाण्याच्या आधी मिळालं की नंतर, आणि आच कशी होती, यावर तो ठरतो. हे एकदा नीट कळलं की कृती पाठ करण्याची गरज उरत नाही.

आधी पिठात काय असतं ते पाहू. हरभऱ्याची साल काढून केलेली डाळ दळली की हे पीठ मिळतं. शंभर ग्रॅम पिठात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे कणकेच्या जवळपास दुप्पट. पाच-सहा ग्रॅम स्निग्धांश असतो आणि बाकीचा मोठा भाग पिष्टमय पदार्थांचा, म्हणजे स्टार्चचा. गव्हातलं ग्लुटेन मात्र यात अजिबात नाही. कणीक मळली की ताणली जाते, लवचीक होते. डाळीचं पीठ कितीही मळा, चिकट होईल, ताणलं जाणार नाही. त्यामुळे या पिठाला आकार देण्याचं काम दोनच गोष्टी करतात. एक, स्टार्चचे कण. ते पाण्यात तापले की साधारण 65-70 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतात आणि सगळं मिश्रण दाट करतात. दुसरी, प्रथिनं. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर जसा थिजतो, तशी तीही उष्णतेनं घट्ट होऊन जागच्या जागी बसतात. डाळीच्या पिठाचा प्रत्येक पदार्थ म्हणजे या दोन क्रियांना कधी वाव द्यायचा आणि कधी आवरायचं, एवढंच.

आता पिठलं. नव्यानं स्वयंपाक शिकणाऱ्या प्रत्येकाला गाठींनी छळलेलं असतं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ एकदम पडलं की पिठाच्या ढेकळाचा बाहेरचा थर क्षणात पाणी पितो, फुगतो आणि चिकट आवरण तयार होतं. त्या आवरणातून पाणी आत शिरत नाही. आतलं पीठ कोरडंच राहतं, आणि नंतर कितीही ढवळलं तरी गाठ फुटत नाही, कारण बाहेरचा थर आता शिजून घट्ट झालेला असतो. गाठ दाताखाली आली की आतून कोरडं, कच्चं पीठ लागतं ते याचमुळे.

यावर दोन उपाय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे: प्रत्येक कणाला उष्णतेच्या आधी किंवा उष्णतेसोबत स्वतंत्रपणे पाणी मिळालं पाहिजे. पहिला उपाय, पीठ गार पाण्यात कालवून घेणं. गार पाण्यात स्टार्च फुगत नाही, त्यामुळे कण सुटे राहतात आणि हातानं किंवा रवीनं गाठी सहज मोडतात. असं कालवलेलं पीठ उकळीत ओतलं तरी धोका नाही, फक्त ओतताना ढवळत राहायचं. दुसरा उपाय, पीठ वैरणं. फोडणीत पाणी घालून खळखळ उकळी आणायची, एका हातानं चिमटीतून पीठ भुरभुरत सोडायचं आणि दुसऱ्या हातानं उलथनं किंवा रवी फिरवत राहायची. जुन्या हाताच्या बायका हेच करतात, आणि मुलीला शिकवताना सांगतात, “बाई, घाई करू नको. आधीचं पीठ पाण्यात मिसळू दे, मग पुढची चिमूट सोड.” वैरलेल्या पिठल्याला थोडा रवाळ पोत येतो. कालवलेलं पिठलं जास्त गुळगुळीत होतं. मला वैरलेलंच आवडतं, भाकरीला ते जास्त धरून राहतं.

प्रमाण म्हणाल तर एक वाटी पिठाला चार वाट्या पाणी घेतलं की भाकरी बुडवून खाण्याजोगं पिठलं होतं. तीन वाट्या घेतलं तर घट्ट होतं. पण ताटात वाढेपर्यंत ते आणखी घट्ट होणार हे धरून चालायचं. हरभऱ्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाच्या सरळ साखळ्यांचं प्रमाण बरंच असतं. मिश्रण निवू लागलं की या साखळ्या एकमेकींना धरतात आणि मधलं पाणी अडकून सगळं थिजतं. म्हणून कढईत थोडं पातळ वाटणारं पिठलंच ताटात बरोबर उतरतं. रात्रीचं गार पिठलं सकाळी परत गरम करायचं असेल तर गरम पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. नुसतंच तापवलं तर ते तळाला लागतं आणि सैल काही होत नाही.

पिठलं दाट दिसलं म्हणजे शिजलं असं नाही, आणि इथंच बहुतेक घाईची पिठली बिघडतात. दाटपणा दोन मिनिटांत येतो. कच्चा, उग्र, हिरवट वास जायला मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटं तरी लागतात. हा वास डाळीतल्या एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कामातून येतो. ते डाळीतल्या स्निग्धांशावर हवेच्या साहाय्यानं क्रिया करतं आणि वासाची द्रव्यं तयार होतात. आच लागली की विकर निकामी होतं आणि तयार झालेला वास वाफेबरोबर निघून जातो. शिवाय कच्च्या डाळीत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, तेही शिजवल्यानं बऱ्याच अंशी नाहीसे होतात. म्हणून कच्चं पीठ चाखून पाहायची सवय लहान मुलांना लावू नये.

मराठवाड्यात पिठलं इतकं रुळलं त्यामागे एक कारण पाण्याचंही आहे, असं मला वाटतं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात अख्खी डाळ लवकर शिजत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला बळकट करतं आणि डाळ बोटचेपी व्हायला तयारच होत नाही. दळलेल्या पिठात पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे जड पाण्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तुरीचं वरण ज्या पाण्यात तासभर दाद देत नाही, त्याच पाण्यात पिठलं पंधरा मिनिटांत होतं. सरपण, रॉकेल, गॅस यांतलं जे काही जपून वापरायचं होतं, ते वाचलं.

झुणका याच फोडणीतून जन्मतो, पण पाणी अगदी कमी आणि उशिरा. भरपूर तेलात कांदा परतायचा, त्यावर कोरडं पीठ घालून खमंग परतायचं, मग पाण्याचा हबका आणि दणदणीत वाफ. इथं तेल आधी मिळाल्यानं कणांवर त्याचा पातळ लेप बसतो आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून झुणका मोकळा राहतो. 1995 मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली, तेव्हा सरकारलाही स्वस्तात पोट भरणारं जेवण म्हणून हाच जोड आठवला.

आता पिठल्याचं पाणी निम्म्यावर आणा. एक वाटी पिठाला दोन वाट्या पाणी किंवा थोडं कमी, आणि पाटवडी तयार. पीठ शिजून कढईपासून सुटू लागलं की तेल लावलेल्या ताटात थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर पेरायची आणि निवू द्यायचं. निवताना अमायलोज आपलं काम करतं. गरम असतानाच वड्या पाडायची घाई केली तर कडा फाटतात, दहा-पंधरा मिनिटं थांबलं तर सुरी सरळ जाते. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात वड्या वाढताना सोडाव्यात, रश्श्यासोबत उकळू नयेत. पुन्हा तापून पाणी प्यायल्या की त्या कडेनं विरघळायला लागतात. सुरळीच्या वड्यांना याहून पातळ लागतं. एक वाटी पीठ, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी. ताकाच्या आंबटपणानं चव येते, आणि मिश्रण पातळ असल्यानं ते ताटाच्या पाठीवर कागदासारखं पसरता येतं. पसरायचं मात्र गरम असतानाच, कारण एकदा थिजलं की हलत नाही.

गोळ्यांच्या आमटीतले गोळे फुटतात अशी तक्रार बऱ्याच जणींची असते. पीठ घट्ट भिजवायचं, त्यात तेलाचं थोडं मोहन घालायचं, आणि आमटीला खळखळून उकळी आल्याशिवाय गोळा सोडायचा नाही. उकळीत पडल्या पडल्या बाहेरची प्रथिनं थिजतात आणि गोळ्याला कवच येतं. कोमट आमटीत सोडलेला गोळा कवच धरण्याआधीच सुटून जातो आणि शेवटी आमटीचं पिठलं होतं. गोळे सोडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं पळी घालू नका.

वेळ अमावस्येचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर-धाराशिव भागातली गावं ओस पडतात, कारण माणसं सगळी शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्यात पूजा, आंबील, उंडे आणि भज्जी. ही भज्जी तळलेली नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, गाजर, जे शेतात आहे ते सगळं एकत्र शिजवून त्याला चिंच आणि डाळीचं पीठ लावलेला तो दाटसर पदार्थ आहे. यात एक क्रम कटाक्षानं पाळतात: दाणे मऊ शिजल्याखेरीज चिंच पडत नाही. आंबटानं दाण्यांच्या पेशींमधलं पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि दाणे टणक राहतात, हे त्यामागचं कारण. डाळीचं पीठ सगळ्यात शेवटी, गार पाण्यात कालवून. इथं पिठाचं काम चव देण्यापेक्षा पाणी आणि भाज्या एकमेकांना धरून ठेवण्याचं असतं. हातातल्या भाकरीच्या तुकड्यावर भज्जी टिकते ती त्यामुळे.

कढीतही ते असंच पडद्याआड राहून काम करतं. आंबट ताक नुसतं तापवलं तर फुटतं, कारण त्यातली केसीन प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे धरतात आणि पाणी वेगळं होतं. चार वाट्या ताकाला दोन चमचे डाळीचं पीठ गार असतानाच नीट मिसळलं की फुगलेले स्टार्चचे कण केसीनच्या मधे येतात आणि त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. मीठ शेवटी घाला, आच मध्यम ठेवा, पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा.

आता तेलाकडे. तळणीत पाण्याचं काम उलटं होतं. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, आणि पोकळ्यांच्या भिंती सुकून कडक होतात. त्याला आपण कुरकुरीत म्हणतो. कांदा भज्यांचा सगळा जीव पाणी न घालण्यात आहे. उभा चिरलेला कांदा मिठानं चोळून दहा मिनिटं ठेवा. कांद्यालाच पाणी सुटतं. मग त्या ओलीवर मावेल एवढंच पीठ, ओवा, तिखट, हिरवी मिरची. वरून पाणी ओतलं की पीठ जास्त लागतं, आवरण जाड होतं आणि भजं बाहेरून तांबूस, आतून पिठाळ राहतं. मूठभर तांदळाचं पीठ घातलं तर कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. बटाट्याची किंवा मिरचीची भजी करताना पातळ पीठ लागतंच. तिथं ते एकाच दिशेनं चांगलं फेटून घ्या. हरभऱ्याची प्रथिनं हवा धरून ठेवतात, पीठ हलकं होतं, आणि पिठाचा थेंब पाण्यात टाकला तर वर तरंगतो. एवढं फेटलं तर सोड्याची गरज जवळजवळ संपते.

सोड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जमेल तिथं टाळा. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि भजी फुगतात हे खरं. पण प्रमाण जरा वाढलं की आवरणात पोकळ्या जास्त होतात, त्यांतून तेल आत शिरतं, चव साबणासारखी लागते, आणि सोड्याच्या अल्कधर्मी गुणामुळे भजी शिजण्याआधीच लालभडक होतात. तेलाचं तापमानही सांभाळायला हवं, 170 ते 180 अंशांच्या आसपास. थर्मामीटर कुणाकडे नसतो, पण पिठाचा थेंब टाकल्यावर तो तळाला जाऊन लगेच वर आला तर तेल बरोबर तापलंय. तळाशीच बसला तर गार आहे, वर राहून लगेच काळा पडला तर आच कमी करा.

शेवेत मोहनाला महत्त्व येतं. कडकडीत तेल कोरड्या पिठात आधी घालून चोळलं की प्रत्येक कणाला तेल लागतं. नंतर पाणी घातलं तरी कण पूर्ण भिजत नाहीत, त्यांची पकड ढिली राहते आणि शेव खुसखुशीत होते. मोहन कमी पडलं तर शेव दाताला टणक लागते. जास्त झालं तर सोऱ्यातून पडल्यावर तेलात तुटून चुरा होतो. पीठ सैलसर भिजवा, घट्ट पिठाची शेव पाडताना हात दुखतो आणि शेवही कडक होते.

लाडवात पाणी जवळजवळ नाहीच. तिथं सगळं तूप आणि संयम. जाडसर दळलेलं पीठ तुपात मंद आचेवर भाजायला घेतलं की सुरुवातीला ते कोरडं आणि जड वाटतं, हलवताना हात दुखतो. याच वेळी बऱ्याच जणी वरून तूप ओततात आणि पुढं लाडू बसतो. थांबलं पाहिजे. पिठातला ओलावा उडून गेला की तूप सुटं होतं आणि तेच मिश्रण आपोआप सैल पडतं, हलवताना हलकं लागतं. वीस-पंचवीस मिनिटांत खमंग वास येतो. प्रथिनं आणि साखरेचे अंश उष्णतेत एकत्र येऊन तो वास आणि तो बदामी रंग तयार करतात. शेवटी दुधाचा हबका मारला की पीठ फसफसतं आणि रवाळ होतं. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घाला. गरम असताना घातली तर ती विरघळून सगळं पातळ होतं आणि लाडू वळत नाहीत.

भाजलेल्या पिठाची गंमत येसरातही दिसते. लग्नघरात येसराची आमटी होते तेव्हा हरभऱ्याची डाळ, ज्वारी, बाजरी, गहू आणि मसाले भाजून दळलेलं असतं. भाजण्यानं स्टार्चच्या साखळ्या तुटतात, त्यामुळे येसर कच्च्या पिठाइतकं दाट होत नाही. कच्चा वास नसतो, आणि ओलावा गेल्यानं ते महिनोन्‌महिने टिकतं.

खाणाऱ्याच्या शरीराला यातून काय मिळतं, तेही सांगायला हवं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं. हरभऱ्यात ते भरपूर असतं, पण मेथिओनीन कमी, आणि ते ज्वारीतून मिळतं. पिठलं-भाकरी एकत्र खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. धपाट्यांत तर दोन्ही पिठं एकाच पिठात मिसळलेली असतात, सोबत थोडी कणीक. ज्वारीत आणि डाळीच्या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून ओल्या फडक्यावर थापावं लागतं. तव्यावर पडल्यावर डाळीचं पीठ थिजून धपाट्याला धरून ठेवतं. दह्यासोबत असं धपाटं प्रवासाला निघालेल्या माणसासाठी पूर्ण जेवण आहे. पीठ पोटात वायू धरतं ही तक्रारही खरी आहे. हरभऱ्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि वायू तयार होतो. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी पिठलं रात्री उशिरा न खाता दुपारी, थोडं आणि नीट शिजलेलं खावं. फोडणीत हिंग आणि ओवा आपल्याकडे यासाठीच पडतात.

शेवटी पीठ आणायचं कुठून. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर रब्बीचा हरभरा येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. डाळ घरची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची असेल तर तिला एक कडक ऊन दाखवून गिरणीत दळून आणा. भजी-पिठल्याला बारीक, लाडवाला जाडसर, हे गिरणीवाल्याला आधीच सांगा. सुट्या पिठात स्वस्त वाटाण्याच्या डाळीचं पीठ मिसळलेलं असू शकतं. ते खाऊन कुणी आजारी पडत नाही, पण चव मार खाते. लाखेच्या डाळीची भेसळ मात्र गंभीर आहे. त्या डाळीतल्या विषारी द्रव्यामुळे, रोज आणि बराच काळ खाल्ल्यास, पाय लुळे पडू शकतात. पीठ फार झळाळतं पिवळं दिसलं तर मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची शंका घ्यावी. घरच्या डाळीच्या पिठाचा रंग फिकट, दुधाळ पिवळा असतो.

पीठ महिन्याभराच्या बेतानं दळा. डाळीतला स्निग्धांश दळल्यावर हवेच्या संपर्कात येतो, उन्हाळ्यात लवकर खवट होतो आणि पोरकिडे लागतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र उरलेलं पीठ सरळ फ्रिजमध्ये ठेवा, आणि वापरण्याआधी ओल धरलेली नाही ना, हे हात घालून पाहा.